विहिरीची वेलांटी

माणसाला तहान लागली की विहीर खणायची बुद्धी होते, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. पण विहीर बुजवायची बुद्धी कधी होते, हे कोणी सांगत नाही. ती विहीणबाई घर बघून गेल्या की होते. निदान बापूंना तरी तशीच झाली.

बापू म्हणजे छापखान्यातून निवृत्त झालेले मुद्रितशोधक. दुसऱ्यांनी लिहिलेल्यात चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा, असा सुखाचा धंदा. निवृत्तीनंतर हेच काम ते फुकट करत. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यातल्या सूचना, शेजारणीने दारावर चिकटवलेली 'दुध नको' ही चिठ्ठी, काही म्हणून सुटत नसे. दुधातला दू दीर्घ असतो हे त्यांनी शेजारणीला दार वाजवून, दुपारच्या झोपेतून उठवून सांगितलं होतं. शेजारीण त्यानंतर चिठ्ठी लावत नाही. दुधाच्या पिशव्या साठतात, पण चिठ्ठी लावत नाही.

तर झालं असं की, बापूंच्या मुलीला आणि जावयाला कामासाठी काही महिने परगावी जायचं होतं. त्यांची छोटी तीन वर्षांची. जन्मल्यापासून तिला तिच्या आजीने, म्हणजे विहीणबाईंनी वाढवलेलं. पण विहीणबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी पोराला उचलायचं नाही, पोरामागे धावायचं नाही असं बजावलं, आणि जावयांनी ठरवून टाकलं की या वेळी छोटी बापूंकडे राहील. बापूंना आकाश ठेंगणं झालं. त्यांनी तीनचाकी सायकल आणली. चित्रांची पुस्तकं आणली आणि त्यांतल्या चुका पेनने आधीच दुरुस्त करून ठेवल्या, म्हणजे पोरीच्या डोळ्यांना वाईट वळण लागायला नको.

मग एके दिवशी विहीणबाई काठी टेकत घर बघायला आल्या. विजेची बटणं किती उंचीवर आहेत ते पाहिलं. न्हाणीघराच्या फरशीवर चप्पल घासून पाहिली. बापूंच्या पत्नी, ज्यांना सगळी गल्ली काकू म्हणते, मागोमाग हसतमुखाने फिरत होत्या. शेवटी विहीणबाईंनी मागचं दार उघडलं.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"विहीर," बापू म्हणाले.

"ते दिसतंय मला. कशाला आहे?"

मुलीच्या लग्नानंतर बापूंनी हे घर घेतलं तेव्हा ती होतीच. पाणी हिरवं, वर पाला, कठडा जेमतेम गुडघ्याएवढा. घरात नळ असल्यामुळे तिच्याकडे कोणी वळून बघत नसे.

"आजवर कोणी पडलं नाही हो तिच्यात," बापू म्हणाले.

"आजवर तीन वर्षांचं पोर इथे राहायला कुठे आलंय?" विहीणबाई म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. उलट चहा संपवला, कप नीट बशीत ठेवला आणि म्हणाल्या, "घर छान आहे. पण ती विहीर आहे तोवर पोर इथे राहणार नाही."

त्या गेल्यावर बापू म्हणाले, "पाण्यात पाहतात मला."

"पाण्यातच पाहिलं त्यांनी," काकू म्हणाल्या, "आणि बरोबर पाहिलं. बुजवा ती."

बुजवा म्हणणं सोपं असतं. बापूंचा हिशेब असा, की खड्डा आहे, त्यात माती टाकायची, झालं. त्यांनी फाटकावर सुवाच्य अक्षरात पाटी लावली, 'भराव पाहिजे. दगड, विटा, माती चालेल.' पाटी निर्दोष होती. पण लोक पाटी पहिल्या पूर्णविरामापर्यंतच वाचतात, हे बापूंना इतकी वर्षं छापखान्यात काढूनही माहीत नव्हतं. सकाळी फाटकापाशी एक फुटका कमोड, गादीचं पोट, पाय नसलेला सोफा आणि पाय असलेलं पण बाकी काही नसलेलं टेबल येऊन पडलं होतं. समोरच्या घरातले निवृत्त पोस्टमास्तर स्वतःचं गंजलेलं कपाट दोघांकडून उचलून घेऊन आले.

"बापू, हे उभं सोडा आत. गच्च बसेल," ते म्हणाले.

पोस्टमास्तरांविषयी दोन शब्द सांगायला हवेत. नोकरीत त्यांनी लोकांची पत्रं न उघडता पोचवली, आणि तेव्हा दाबून ठेवलेली सगळी उत्सुकता आता बाहेर येत होती. सल्ला द्यायला ते निमंत्रणाची वाट बघत नसत. विहीर बुजवू नका, गाळ काढा, मासे सोडा, असं ते सोमवारी म्हणाले. मंगळवारी म्हणाले, बुजवाच, पण आत हवा कोंडून राहायला नको म्हणून आधी एक लांब पाइप उभा ठेवा. बुधवारी त्यांनी पाइपाचा सल्ला मागे घेतला आणि कपाटाचा दिला. प्रत्येक वेळी ते विहिरीत डोकावून "ओ" असं करत आणि विहीर "ओ" म्हणाली की समाधानाने मान हलवत.

सफाई विभागाला मात्र समाधान वाटलं नाही. रस्त्यावर कचरा टाकल्याबद्दल एक इन्स्पेक्टर बापूंच्या दारात उभे राहिले. बापूंनी सांगितलं, हा कचरा नाही, हा भराव आहे. इन्स्पेक्टरांनी कमोडकडे पाहिलं, बापूंकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "विहीर बुजवायची परवानगी काढलीय का?"

"स्वतःची विहीर बुजवायला परवानगी?"

"स्वतःची असली म्हणून काय झालं?"

अशा रीतीने बापू कचेरीत गेले. पाणीपुरवठा विभागाने सांगितलं, तुमच्या विहिरीचं पाणी कोणी पीत नाही ना, मग आमचा संबंध नाही. बांधकाम विभाग म्हणाला, आम्ही जमिनीच्या वरचं बघतो, तुमचं खाली चाललंय. शेवटी एका जिन्याखालच्या खोलीत परवाना विभाग सापडला. तिथल्या बाईंनी नकाशा पसरला, बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "इथे विहीर नाही."

"आहे हो. मी रोज बघतो."

"नकाशात नाही. नसलेली विहीर बुजवायची परवानगी मी कशी देणार? आधी तिची नोंद करा. मग ती आहे असं होईल. मग ती नाहीशी करता येईल."

बापूंना यातलं तर्कशास्त्र पटलं, हीच मोठी चिंतेची गोष्ट. त्यांनी नोंद केली. मोजणीवाले आले, दोरी सोडून खोली मोजून गेले, जाताना दोरी आतच पडली. ज्या विहिरीला आजवर कोणी विचारत नव्हतं ती आता सरकारदरबारी जन्माला आली, आणि मग बाई म्हणाल्या, "आता फक्त पेपरात जाहीर नोटीस. कोणाची हरकत आली नाही की परवानगी तुमच्या हातात."

इकडे मुलीचा रोज फोन. जायची वेळ जवळ येत होती. "बाबा, झाली का विहीर? नाहीतर मला जाणंच रद्द करावं लागेल. आमच्या सासूबाई ऐकत नाहीत." फोनवर मागून छोटी विचारायची, "आजोबा, माझी सायकल कुठंय?" सायकल व्हरांड्यात उभी होती. बापू येता-जाता तिची घंटी वाजवून बघत. पोरीच्या मुक्कामाचे दिवस हातातून निसटताहेत, हे त्यांना रात्रंदिवस खुपत होतं.

वर्तमानपत्राच्या जाहिरात खिडकीत एक गृहस्थ दोन बोटांनी टाइप करत. लग्नाचा मोसम असल्याने आठवडाभर ते मांडव, वऱ्हाड आणि आभारप्रदर्शन यांतच बुडालेले होते. त्यांनी बापूंची नोटीस टाइप केली आणि सवयीप्रमाणे कच्ची प्रत पुढे सरकवली. बापूंनी खिशातून लाल पेन्सिल काढली. कितीतरी दिवसांनी खऱ्या कामाला हात लागत होता. पहिल्याच ओळीवर त्यांची नजर थबकली आणि चेहरा उजळला.

"काय हो, हा हि पहिला?"

"मग कुठला हवा?"

"दुसरा. दीर्घ. मूळ शब्दात दीर्घ, विभक्ती लागली की ऱ्हस्व. हे इतकं सोपं असून लोकांना का जमत नाही?" असं म्हणून बापूंनी तिथेच, मागे रांग असताना, उपान्त्य अक्षराचा नियम उदाहरणांसह समजावून सांगितला. रांगेतल्या एकाने तर वहीत उतरवूनही घेतला. गृहस्थांनी निमूटपणे वेलांटी बदलली. बापूंनी खाली सही केली आणि सहीशेजारी ठसठशीत लिहिलं, 'शुद्ध'.

नोटीस छापून आली त्या सकाळी पोस्टमास्तर पेपर घेऊन हजर झाले. ते नेहमी बसत असत त्या खुर्चीवर न बसता उभेच राहिले.

"बापू, मानलं तुम्हाला. माणसाच्या मनात असतं, पण छापायची हिंमत होत नाही."

बापूंनी पेपर घेतला. पहिल्या ओळीतली वेलांटी पाहिली. दीर्घ होती. ते प्रसन्न झाले.

"वेलांटी सोडा. पुढचं अक्षर वाचा," पोस्टमास्तर म्हणाले आणि त्यांनी स्वतःच मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "सर्व संबंधितांस कळवण्यात येते की, आमच्या ताब्यातील जुनी, पडीक व वापरात नसलेली विहीण कायमची बुजवण्याचे आम्ही योजिले आहे. तिचे तोंड सदैव उघडे असल्याने शेजाऱ्यांस उपद्रव होतो व लहान मुलांच्या जीवितास धोका आहे. तिच्यावर कोणाचा हक्क अथवा हितसंबंध असल्यास मुदतीत लेखी हरकत घ्यावी. हरकत न आल्यास ती कोणासही नको आहे असे समजून काम उरकण्यात येईल."

स्वयंपाकघरात काहीतरी खाली पडलं. काकू बाहेर आल्या, पेपर वाचला, पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या. बराच वेळ त्यांच्या खांद्यांची थरथर दारातून दिसत होती. त्या रडत नव्हत्या.

बापूंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांना आधी कशाचं वाईट वाटावं हे कळेना. नातीचं, अब्रूचं, की उभ्या आयुष्यात पहिल्यांदा र आणि ण यांतला फरक दिसला नाही याचं. आणि चूक चुकून राहिली असती तर एक वेळ चाललं असतं. इथे त्यांनी हाताला धरून विहिणीची वेलांटी दुरुस्त केली होती.

तेवढ्यात मुलीचा फोन. "बाबा, आईंनी पेपर वाचला."

"काय म्हणाल्या?"

"काहीच नाही. घडी घालून पर्समध्ये ठेवला. मग चप्पल घातली आणि कचेरीचा पत्ता विचारला."

बापूंनी लगेच खुलासा लिहायला घेतला, 'कालच्या नोटिशीत जिथे विहीण आहे तिथे विहीर वाचावी.' पोस्टमास्तरांनी तो खांद्यावरून वाचला आणि म्हणाले, "म्हणजे ज्यांनी वाचलं नसेल तेही शोधून वाचतील." काकूंनी कागद काढून घेतला.

काही दिवसांनी सुनावणीचं बोलावणं आलं. हरकत आली होती. एकच. बापू आणि काकू जिन्याखालच्या खोलीत गेले, तर विहीणबाई आधीच खुर्चीवर बसलेल्या, काठी मांडीवर आडवी. परवाना विभागातल्या बाईंनी घसा साफ करून हरकत वाचली.

"सदर नोटिशीतील विहीण मीच आहे. मी पडीक नाही. मी राहत्या घरी नियमित वापरात आहे. मला बुजवण्यास माझी सक्त हरकत आहे."

"बाई, ती छापण्यातली चूक आहे," बापू अजिजीने म्हणाले. "विहीर म्हणायचं होतं."

"ते मलाही कळतंय. पण हरकत छापलेल्या मजकुरावर आलीय आणि मजकूर तुमच्या सहीने गेलाय." बाईंनी फाइलमधून, पेपरवाल्यांकडून मागवलेली कच्ची प्रत काढली. "शेजारी 'शुद्ध' असंही लिहिलंय तुम्ही."

बापूंनी मान खाली घातली. विहीणबाईंनी पर्समधून पेपर काढून त्याची घडी उलगडली.

"मी एकेक मुद्दा घेते," त्या म्हणाल्या. "जुनी. आहे. तोंड सदैव उघडं. माझा मुलगाही हेच म्हणतो, मान्य. शेजाऱ्यांना उपद्रव. त्यांना विचारा, पण असेल. या कशावर माझं भांडण नाही. घरी एकटीच हसले मी, चूक आहे हे कळत होतं मला. पण मग एका शब्दावर अडकले." त्यांनी बोट ठेवलं. "वापरात नसलेली. हे वाचलं आणि हसू गेलं."

विहीणबाईंनी पेपरची घडी पुन्हा घातली.

"पोरगी जन्मली तेव्हापासून माझ्याकडे आहे. गुडघा गेला तर सगळ्यांनी मिळून ठरवलं की आता आजीचा उपयोग नाही, पोर तिकडे न्या. मला कोणी विचारलं नाही. मी तुमच्याकडे आले ती खोट काढायलाच आले होते, व्याहीबुवा. विहीर सापडली. नसती सापडली तर खिडकी सापडली असती. पोरगी गेली की दिवसभर मी करू काय, हे मला अजून कळलेलं नाही."

बापूंना सवयीने कुठल्याही बोलण्यातली चूक आधी ऐकू येई. या बोलण्यात त्यांना चूक सापडली नाही. आपण सायकल आणली, पुस्तकं आणली, पण पोर जिच्या घरून येणार तिथे मागे काय उरेल याचा विचार एकदाही केला नाही, हे त्यांना बोचलं.

"मग तुम्हीही या ना छोटीबरोबर," ते म्हणाले.

"विहिणीने व्याह्यांकडे महिनोन्महिने राहायचं? काहीतरीच. लोक काय म्हणतील?"

"लोकांना जे म्हणायचं ते पेपर वाचून म्हणून झालंय," काकू पहिल्यांदा बोलल्या. "आणि पाहुणी म्हणून कोण बोलावतंय? विहिरीवर नजर ठेवायला माणूस लागणार. ह्यांची नजर काय आहे ते तुम्ही छापून आलेलं बघितलंच."

परवाना विभागातल्या बाईंनी पेन उचललं. "हरकतीचा निकाल लागेपर्यंत विहीर बुजवता येणार नाही. तोवर तिच्यावर लोखंडी जाळी बसवा. आणि हरकतदाराने जागेवर राहून देखरेख करावी, असं लिहू?"

विहीणबाईंनी थोडा वेळ विचार केल्यासारखं केलं. "लिहा," त्या म्हणाल्या. "कायद्यापुढे माझं काय चालणार?"

जाळी बसली. विहीणबाईंनी काठी बापूंच्या हातात दिली, काकूंचा खांदा धरला आणि स्वतः जाळीवर उभ्या राहिल्या. विहीणबाई भरभक्कम. जाळी हलली नाही, तेव्हा त्यांनी जाळीला पसंती दिली आणि छोटी आली.

यापुढे बापूंचं घर बापूंचं राहिलं नाही. डबे जागचे हलले. चहा कधी प्यायचा हे विहीणबाई ठरवू लागल्या. बापू छोटीला अक्षरं शिकवायला बसले की त्या मागून म्हणत, "आधी खेळू दे तिला, वेलांट्या कुठे पळून जात नाहीत." दुपारी विहीणबाई जाळीशेजारी खुर्ची टाकून देखरेख करत, छोटी सायकलवरून त्यांच्याभोवती फेऱ्या मारे, आणि पोस्टमास्तर कुंपणापलीकडून दोघींना सल्ले देत. विहीणबाई त्यांना उलट सल्ले देत. पोस्टमास्तरांना आयुष्यात प्रथमच तोडीस तोड माणूस भेटलं होतं. बापू कुरकुरत, पण संध्याकाळी फेरफटका मारून यायला विहीणबाईंना उशीर झाला की फाटकापाशी जाऊन उभे राहत.

आणि एक दिवस परवाना विभागातल्या बाईंचा फोन आला. बापूंनी फोन घेतला तेव्हा विहीणबाई समोरच छोटीची वेणी घालत होत्या.

"आनंदाची बातमी," बाई म्हणाल्या. "वरून मंजुरी आलीय. हरकतदारांनी हरकत मागे घेतली की उद्याच विहीर बुजवून टाका."

फोनचा आवाज मोठा होता. विहीणबाईंनी सगळं ऐकलं. त्यांनी वेणीला रबर लावलं, छोटीला मांडीवरून हळूच खाली ठेवलं.

"सही करून देते," त्या बापूंना म्हणाल्या. "विहीरच नाही म्हटल्यावर मी इथे कशाच्या नावाने राहू? पोर रुळलीय आता. सुखाने राहील." आणि त्या बॅग काढायला आत गेल्या. जाताना काठी न्यायला विसरल्या.

छोटी काठी घेऊन त्यांच्या मागे धावली. बापू फोन कानाला लावून उभे होते.

"ऐकताय ना?" बाई विचारत होत्या. "आजउद्या सही आली नाही, तर फाइल बंद होईल. मग नोंद, मोजणी, नोटीस, सुनावणी, सगळं परत पहिल्यापासून. तुमचे सगळे हेलपाटे वाया."

"हरकत नाही," बापू म्हणाले.

"म्हणजे मागे घेतली त्यांनी?"

"नाही हो. त्यांची हरकत आहे," बापू आतल्या खोलीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. "परत पहिल्यापासून करायला माझी हरकत नाही."

आत बॅगेचा आवाज थांबला.